माणूस, उभा, एक नग

आमच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावणारी मशीनं बनतात. एका मशीनमध्ये दीड-दोन हजार सुटे भाग, आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर. नंबर नसलेला भाग आमच्याकडे अस्तित्वातच नसतो, मग तो तुमच्या पायावर का पडेना. हे नंबर एकतीस वर्षं एकच माणूस देत आला. त्यांना आम्ही सगळे नंबरकाका म्हणतो.

ड्रॉइंग ऑफिसात शिरलं की उजव्या हाताचं पहिलं टेबल त्यांचं. त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर, एक निळं पेन, एक लाल पेन आणि एक भिंग. कुणी डिझायनर नवा भाग काढून नंबर मागायला आला की काका आधी ड्रॉइंगकडे बघत नसत, डिझायनरकडे बघत.

"काय काढलंत?"

"ब्रॅकेट आहे काका. सेन्सर धरायला."

"नऊ वर्षांपूर्वी असाच एक काढलेला. भोक दोन मिलिमीटर अलीकडे. तो का नाही चालत?"

डिझायनर मान खाली घालून जागेवर जायचा आणि अर्ध्या तासाने कबूल करायचा, की चालतो. असे किती ब्रॅकेट काकांनी पोटातच मारले त्याचा आकडा रजिस्टरात नाही, माझ्याकडे आहे: चारशेच्या वर. मी खरेदी विभागात बसतो आणि मला मोजायची खोड आहे. कोण कुणाशी किती दिवस बोललं नाही, तेही माझ्याकडे टिपलेलं असतं.

काकांची एकच हौस अपुरी राहिली होती. आमच्याकडे मशीन रिकामंच फिरवून बघतात. बाटल्या लागतात त्या गिऱ्हाइकाकडे, आणि तिकडे जातात ते जोडणीवाले. साठ हजारांवर नंबर देणाऱ्या माणसाने बाटलीवर झाकण बसताना कधी पाहिलंच नव्हतं. जोडणीवाले परत आले की काका हळूच विचारायचे, "झाकण बसताना आवाज होतो का हो?"

"होतो की."

"कसा?"

आता आवाज कसा, हे कुणी सांगू शकतं का? जोडणीवाले हसून चहाला जायचे.

काकांची सून आमच्याच ड्रॉइंग ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर डिझायनर. घरी ती त्यांना बाबा म्हणते, ऑफिसात सगळ्यांसारखं काका. ते तिला घरी "अगं" म्हणतात, ऑफिसात "मॅडम". ही अदलाबदल दोघं फाटकावरच उरकतात. सूनबाई हुशार, आणि हट्टी तर अशी की तिच्या तोंडून "माझं चुकलं" ऐकलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. एकदा तिच्या ड्रॉइंगमधलं मशीनचं दार भिंतीवर आपटत होतं. तासभर तिने आम्हाला पटवलं, की भिंतच चुकीच्या जागी आहे. निघताना मलाही ते पटलेलं होतं.

मग नवे साहेब आले. लिफ्टचं बटण चारदा दाबणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मशीनची पूर्ण यादी व्हायला अकरा दिवस? का?"

"नंबर काका देतात," कुणीतरी म्हणालं.

"हाताने?"

"पेनाने."

साहेबांनी सूनबाईला केबिनमध्ये बोलावलं. मशीनचं पूर्ण ड्रॉइंग कॉम्प्युटरवर असतंच. एक प्रोग्राम लिहायचा, त्याने ड्रॉइंगमधला एकेक भाग तपासायचा, जुना असेल तर जुना नंबर लावायचा, नवा असेल तर पुढचा द्यायचा, आणि कुठला भाग किती नग लागतो ती यादी स्वतःच काढायची. जमेल का? जमणार नाही म्हणायला सूनबाईला येतच नाही.

नंबर द्यायचे नियम मात्र कुठे लिहिलेले नव्हते. ते काकांच्या डोक्यात होते. म्हणून तिने तीन महिने रोज संध्याकाळी, जेवणाचं टेबल पुसून झालं की, वही काढली. "बाबा, तुमचं नंबरांचं काम मला नीट समजावून सांगा ना." काका असे फुलले! सासूबाईंनी एकतीस वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, मुलाने विचारला होता तो जांभई देत. काकांनी हौसेने एकेचाळीस नियम सांगितले. पहिला नियम: एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, भाग मेला तरी. सदतिसावा: दिलेला नंबर रद्द करायचा तर कारण लिहायचं आणि तीन सह्या घ्यायच्या, डिझायनरची, स्टोअरची आणि नंबर देणाऱ्याची. साहेब असला तरी सूट नाही.

त्याच दिवसांत तिने त्यांची मापंही घेतली. मशीनसमोर माणूस उभा राहिला तर लिव्हरला हात पोचतो की नाही, हे बघायला ड्रॉइंगमध्ये एक माणूस उभा करतात. सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेला माणूस साडेसहा फुटी, खांदे कपाटाएवढे. त्याचा हात कुठेही पोचायचा. सूनबाई म्हणाली, खऱ्या उंचीचा माणूस हवा. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून काका उभे राहिले, सासूबाईंनी टेप धरली, आणि पाच फूट चार इंचांचे काका, चष्मा वगळून, ड्रॉइंगमध्ये गेले. पुढे महिनाभर ते अधूनमधून तिच्या टेबलाशी येऊन स्वतःला बघून जात. "पोट जरा जास्त काढलंत, मॅडम."

"मापाने काढलंय, काका."

मग एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून प्रोग्रामची घोषणा केली. चालू मशीनवर चाचणी, यादी बिनचूक निघाली तर रजिस्टर बंद. काकांना निवृत्तीला दोन वर्षं होती. ती त्यांनी तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत काढायची. तिथे एक ट्यूबलाइट, सोळा कपाटं, आणि बोलायला कुणी नाही.

काकांनी सुनेकडे एकदाच पाहिलं. मी ती नजर जवळून बघितली. नंतर कितीतरी वेळ चहा गोड लागला नाही. एकेचाळीस नियम त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घरात, तिच्या वहीत उतरवून दिले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या संध्याकाळपासून घरी त्यांनी सुनेशी बोलणं सोडलं. मीठ हवं असलं तरी बायकोला सांगायचे, "मॅडमना म्हणावं, मीठ द्या." ऑफिसातलं नाव त्यांनी पहिल्यांदाच फाटकाबाहेर नेलं होतं. हे मला सूनबाईने डबा खाताना सांगितलं. अर्धाच डबा खाल्ला तिने.

"मग साहेबांना सांग ना, काकांना वरच राहू द्या," मी म्हटलं.

"दोनदा सांगितलं. म्हणाले, मशीनला जे लागतं तेच यादीत, बाकी तळघरात." तिने डब्याचं झाकण लावलं. "यादीत."

आणि ती उठून गेली. तेव्हा मला वाटलं, बिचारी हताश झाली आहे. माझी अशी गणितं क्वचित चुकतात.

चाचणीच्या दिवशी तिने बटण दाबलं. चाळीस सेकंदांत एक हजार आठशे सेहेचाळीस ओळी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. काकांनी भिंग घेऊन वाटेल तिथल्या वीस ओळी तपासल्या. वीसही बरोबर. त्यांनी दोन्ही पेनांना टोपणं लावली. साहेबांना दम कुठला? त्याच दुपारी 'नंबर देणारा' ही जागा रद्द झाल्याचं पत्र निघालं, यादी पक्की म्हणून शिक्का बसला, आणि एकेक प्रत मला, स्टोअरला आणि गिऱ्हाइकाला गेली.

मी यादी वाचतो. पूर्ण वाचतो, दुसरं कुणी वाचत नाही म्हणून. बाराशे तेराव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

नंबर ६१९७२. माणूस, उभा. एक नग. वजन साडेएकसष्ट किलो. कुठून: आपल्याकडेच.

हसू आलं ते मी खोकून घालवलं. मापापुरत्या काढलेल्या आकृतीवर 'यादीत नको' अशी खूण असते. ती इथे पडली नव्हती, म्हणून प्रोग्रामने काकांना रीतसर नंबर दिला होता. चूक होते. पण मग वजन? या सॉफ्टवेअरला वेगळं काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक गोष्ट पोलादाची धरून चालतं. पोलादाचे काका पावणेपाचशे किलो भरले असते. साडेएकसष्ट हा आकडा कुणीतरी बोटाने टाकला होता, आणि घरातल्या काट्यावर काका किती भरतात हे माहीत असलेली बोटं या इमारतीत फार नव्हती.

मी काय केलं? काही नाही. 'आपल्याकडेच' लिहिलेलं खरेदी करायचं नसतं. ती ओळ नियमाप्रमाणे स्टोअरकडे गेली, आणि मी ताकास तूर लागू दिली नाही.

आमचं स्टोअर कुलूपबाईंकडे. त्यांच्या कमरेला चाव्या, हातात खडू. त्यांचा एकच कायदा: यादीत आहे ते पेटीत, नाहीतर फाटक बंद. यादीतल्या वस्तूला अर्थ असतो की नाही, हा त्यांचा प्रांत नव्हे. काय आलं नाही त्याची यादी त्या दर शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवत. मशीन तयार व्हायला दहा आठवडे लागले. दहा शुक्रवार त्या यादीत एक ओळ होती: माणूस, उभा, येणे बाकी. साहेबांनी दहाही याद्यांवर न वाचता सही केली. एकदा तर फोनवर बोलताना, उलट्या धरलेल्या कागदावर.

ट्रक लागला. कुलूपबाई खडू घेऊन पेट्यांभोवती फिरल्या, शेवटच्या पेटीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "एक नग कमी."

साहेब खाली आले. "सोडा हो. नट-बोल्ट असेल एखादा."

"माणूस आहे."

"काय?"

"बाराशे तेरा. माणूस, उभा. मी दहा वेळा कळवलंय, तुमची सही आहे दहा वेळा." त्यांनी दहा कागद पुढे केले. साहेबांनी एकेक कागद वाचला. या खेपेला सुलटा धरून.

सूनबाईला बोलावलं. ती आली, यादीकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली, "मापासाठीची आकृती आहे. प्रोग्रामने वगळायला हवी होती. माझं चुकलं."

मी पेटीला टेकलो होतो म्हणून पडलो नाही.

"मग काढून टाका ती ओळ!"

"निघत नाही सर. दिलेला नंबर रद्द करायचा तर तीन सह्या लागतात. माझी मी करते. कुलूपबाई करतील. तिसरी नंबर देणाऱ्याची."

"मग घ्या ना त्यांची!"

"ती जागा तुम्ही रद्द केलीत, सर. त्याच दुपारी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "माझा पासवर्ड घाला."

"सदतिसावा नियम. साहेब असला तरी सूट नाही. काकांनीच सांगितला होता, मी तसाच प्रोग्राममध्ये घातला."

"कुलूपबाई, एका ओळीसाठी—"

"गिऱ्हाइकाकडे हीच यादी गेली आहे," कुलूपबाई म्हणाल्या. "त्यांचा इंजिनिअर मोजून घेतो. मागच्या खेपेला एका वॉशरसाठी पेटी परत आली होती. मी सही केली आणि त्याने विचारलं, माणूस कुठाय, तर मी काय सांगू? तळघरात?"

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. साहेबांनी तिथेच, पेटीच्या झाकणावर कागद ठेवून, काकांची जागा पुन्हा चालू केल्याचं पत्र लिहिलं, आणि मला काकांना आणायला पिटाळलं.

काका वर आले ते खांद्यावर धूळ घेऊन. दहा आठवड्यांत त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. वापरलाच नव्हता ना. साहेबांनी यादी पुढे केली. काकांनी खिशातून भिंग काढलं. बाराशे तेरावी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, आणि भिंग वजनाच्या आकड्यावर ठेवून तसेच उभे राहिले.

सूनबाई ट्रकच्या चाकाकडे बघत होती.

"काका, सही करा, मशीन जाऊ द्या," साहेब म्हणाले.

"करतो की." काकांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "कारणाचा रकाना रिकामा आहे. काय लिहू?"

"लिहा, लागत नाही."

"कुणाला लागत नाही?"

"मशीनला."

"म्हणजे 'या मशीनला माणूस लागत नाही'. बरं." काकांनी पेन साहेबांच्या हातात दिलं. "कारण सांगणाऱ्याने ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं असतं. छत्तिसावा नियम. लिहा, मी खाली सही करतो. ही प्रत गिऱ्हाइकाला जाईल, त्यांचे कामगार वाचतील."

साहेबांनी पेन धरलं. मी मोजलं, बावीस सेकंद. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात, लिव्हर धरून उभ्या राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांच्या हातात तो कागद पडेल, तेव्हा पुढचं मशीन आपल्याकडून कोण घेईल, हा हिशेब त्यांनाही जमला असावा. त्यांनी पेन परत केलं.

"मग करायचं काय?"

"यादीत आहे ते पाठवायचं," कुलूपबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने इतका साधा प्रश्न वर्षभरात आला नव्हता. "नग आलाय. हा काय समोर उभा आहे."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका ट्रककडे बघत होते. आमचं सगळ्यांचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

"किती दिवसांचं काम असतं?" त्यांनी विचारलं.

"जोडणी धरून आठ," साहेब म्हणाले. स्वतःच्या तोंडून हे येतंय याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

सूनबाईने वर जाऊन आपल्या टेबलाखालून एक पिशवी आणली. दोन सदरे, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं नीट घडी करून. ही पिशवी त्या दिवशी ऑफिसात कशी आली, हे कुणी विचारलं नाही. कुलूपबाईंनी पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, ६१९७२, आणि काकांच्या बुटाच्या टोकावर खडूने एक बरोबरची खूण केली. "ड्रायव्हरशेजारी बसा. पेटीत नको, वरची बाजू कुठली ते लिहिलेलं नाहीये."

ट्रक गेला. काकांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं नाही. रुसवा सोडायलाही काही वेळ लागतो, आणि त्यांचा ऐंशीवा दिवस चालू होता.

सातव्या दिवशी दुपारी ड्रॉइंग ऑफिसातला फोन वाजला. मी एका ब्रॅकेटची चौकशी करायला तिथे गेलो होतो, म्हणजे तसं मी सांगितलं. सूनबाईने फोन उचलला. तिकडून इतका मोठा आवाज, की ऐकायला वाकावं लागलं नाही.

"मॅडम आहेत का?"

"बोला, काका."

"पेट्या उघडल्या. जोडणीवाल्यांनी चार ब्रॅकेट डाव्याचे उजवे केलेले, मी हात लावून सांगितलं, नंबरसुद्धा बघावा लागला नाही. आणि इथला इंजिनिअर मोजायला आला. म्हणाला, बाराशे तेरा? मी म्हटलं, मी. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि खूण केली." मागे काहीतरी चालू होतं. टक, टक, टक, सारख्या अंतराने. "आवाज येतोय का?"

"येतोय."

"झाकणांचा आहे. मी स्वतः लिव्हर ओढला." काका थांबले. मग त्यांचा आवाज उतरला, म्हणून मी एका ड्रॉइंगवर वाकलो. "अगं, हात बरोबर पोचतो. एक इंचसुद्धा ताणावा लागत नाही."

"मापाने काढलंय, बाबा," सूनबाई म्हणाली. फाटकाच्या आत, भर ऑफिसात. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ बाहेर काय आहे ते बघत बसली. बाहेर सायकलचा स्टँड आहे.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मशीन आधीच्यांपेक्षा तीन दिवस लवकर चालू झालं, त्यामुळे साहेबांनी फार ताणलं नाही. रजिस्टर बंदच आहे. नंबर प्रोग्राम देतो, चाळीस सेकंदांत, आणि मला तरी त्यात खोट सापडलेली नाही. फक्त दर नव्या मशीनच्या यादीत कुठेतरी ६१९७२ येतो, कुलूपबाई बुटावर खूण करतात आणि काका ड्रायव्हरशेजारी बसून जातात. तळघरातली ट्यूबलाइट गेली आहे, ती बदलायची कुणाला आठवण नाही.

साहेब महिन्या-दोन महिन्यांनी विचारतात, "ती चूक सापडली का हो?"

"शोधतेय सर," सूनबाई म्हणते.

परवा नवी यादी आली. मी नेहमीप्रमाणे पूर्ण वाचली. काकांच्या ओळीत पहिल्यांदाच बदल दिसला. गिऱ्हाइकांकडचं जेवण त्यांना मानवत असावं. माणूस, उभा, एक नग, सुधारित आवृत्ती ब, वजन चौसष्ट किलो. खाली तिन्ही सह्या आहेत, आणि कारणाच्या रकान्यात काकांचं टपोरं अक्षर: प्रत्यक्ष वजन करून.